खाजा मियांच्या देगीतला नाग

मु. कुरुंदा
वैशाख वद्य पंचमी, सन १३५० फसली

हट्टा मुक्कामी आमचे दाजी रा. रा. उकंडराव यांच्या चरणी, आणि ‘काय लिहिलंय, वाचा की लवकर’ म्हणून त्यांच्या मागं लागलेल्या आमच्या शकुंतला आक्काच्या चरणी, कुरुंद्याहून तातेरावाचा दंडवत पोचावा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. (खुशाल हा शब्द या खेपेला मी फार विचार करून लिहिला आहे. खुशाल म्हणजे, ज्याला चावायची पूर्ण संधी होती तो कोणालाच न चावता निघून गेला. सविस्तर खाली येईलच.) दाजी, तुमच्या कमरेचं दुखणं कसं आहे? मागं पाठवलेलं तेल लावता, की कोनाड्यात ठेवून नुसतं त्याच्याकडं बघता? आक्काचा गुडघा दुखायचा थांबला का? आणि नवा नातू आजोबावर गेला की आजीवर? आजीवर गेला असेल तर रडून घर डोक्यावर घेत असेल, हे मी लहानपणच्या अनुभवावरून सांगतो.

तुमचं पत्र पोचलं. त्यात तुम्ही दोन गोष्टींचा जाब विचारला आहे. नातवाच्या बारशाला सख्खा मामाआजोबा काहून आला नाही, ही एक. आणि हट्ट्याच्या बाजारात कोणी तरी तुम्हाला गाठून, ‘तुमचा मेव्हणा आता साप धरत फिरून राहिला म्हणं, पुंगी बी घेतली का?’ असं चारचौघांत विचारलं आणि तुम्हाला मान खाली घालावी लागली, ही दुसरी. दाजी, पुंगी मी घेतलेली नाही. पाची बोटं साक्ष ठेवून सांगतो की सापांचा आणि माझा काही संबंध नाही. जो आला तो माझ्या इच्छेविरुद्ध आला. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, ते म्हणजे खाजा मियांची देग. म्हणून मी सगळं पहिल्यापासून लिहितो. लांबलं तर आक्कानं मधेच उठून चुलीकडं जाऊ नये.

आमचे शेजारी खाजा मिया कल्हईवाले तुम्हाला ठाऊक आहेत. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्या मधल्या भिंतीखाली एक आड आहे, अर्धा त्यांच्या अंगणात, अर्धा आमच्या. दोन्ही बाजूंनी रहाट, पाणी तेच. पोहरा आधी कोणाचा, यावरून आमची पार्वतीबाई आणि खाजा मियांच्या घरच्या अख्तरीभाभी रोज सकाळी भांडतात, आणि एखाद्या दिवशी भांडण झालं नाही तर ‘ताप-बीप आला काय?’ म्हणून एकमेकींना बघायला जातात. तर या खाजा मियांची एकुलती एक लेक अजरा. तिचा निकाह वसमतच्या लतीफ नावाच्या पोराशी ठरला, आणि तारीख नेमकी तुमच्या नातवाच्या बारशाचीच आली. मी बारशालाच निघणार होतो. बैल जुंपायचेच बाकी होते, असं समजा. (पार्वतीबाई म्हणते बैल चरायला गेले होते. असोत.) तेवढ्यात भिंतीपलीकडून अख्तरीभाभींची आरोळी आली. त्यांनी पोहरा सोडला, तर पाण्याचा आवाज यायच्या जागी खालून फुत्कार आला.

आम्ही दोन्ही अंगणांतून वाकून पाहिलं. वैशाख असल्यामुळं पाणी तळाला गेलेलं, आणि पाण्याच्या वर एका कपारीत चांगला मनगटाएवढा नाग अंग चोरून बसलेला. मधेच पाण्यात उतरे, गोल पोहून येई, चढायला बघे, घसरे, आणि पुन्हा कपारीत जाऊन आमच्याकडं असं बघे की जणू काही आडाला पायऱ्या न ठेवण्याचा दोष आमचाच. घरात लग्न, संध्याकाळी वसमतहून बारात यायची, त्यांना हातपाय धुवायला, प्यायला, रांधायला पाणी याच आडातलं. बघता बघता गल्ली गोळा झाली. ज्यांना बारा महिने बोलावलं तरी येत नाहीत तेसुद्धा आले, आणि येताना दगड घेऊन आले.

खाजा मिया हात पसरून आडापुढं उभे राहिले. “दगड टाकू नका, बाबांनो,” ते म्हणाले, “मेला तर पाण्यातच सडंल. मग बारातीला काय पाजू? आन् आज माझ्या दारातून लेक निघायची हाय. आज जीव घ्यायला नको.” इकडून पार्वतीबाईनं पदर खोचला. “आडात पडला तो काय हौसेनं पडला का?” ती म्हणाली. “बेडकामागं, उंदरामागं आला आसंल. वर काढा की त्येला.” आणि तिनं माझ्याकडं पाहिलं. दाजी, तुमचंही लग्न झालेलं आहे. त्या बघण्यात विचारणं नसतं, हे तुम्हाला समजावून सांगायला नको.

मी सांगणारच होतो की हे काम माझं नाही, पण तोवर गोजरबाई आत्या आल्या. (आमच्या चुलत आत्या. गेल्या होळीला तुमच्या धोतरावर रंग म्हणून ओल्या हळदीचं पाणी ओतलं होतं, त्या.) देव आडात उपाशी आहे असं म्हणत त्यांनी चरवीभर दूध वरून ओतलं. नागानं दुधाकडं ढुंकून पाहिलं नाही. पाणी मात्र पांढरं झालं, आणि अख्तरीभाभी कपाळाला हात लावून बसल्या की आता यात तांदूळ शिजवायचे की साखर टाकायची. (साप दूध पीत नाही, दाजी. हे मी आता छातीवर हात ठेवून सांगतो, कारण त्यानंतरही आत्याबाईंनी गावातल्या ज्या ज्या बिळापुढं वाटी ठेवली तिथली मांजरं तेवढी गुबगुबीत झाली.)

शेवटी मी आणि खाजा मिया कामाला लागलो. पहिल्यांदा नुसता दोर सोडला, तर नाग त्याच्यापासून लांब सरकला. मग शेणखत वाहायचा मोठा हारा आणला, त्यात लिंबाचा पाला घातला, चारी बाजूंनी दोर बांधून तो अलगद कपारीपाशी नेला, आणि सगळ्या गल्लीला मागं सारून गप्प बसवलं. सापाला वर आणण्यापेक्षा गल्लीला गप्प बसवणं जास्त अवघड गेलं. बऱ्याच वेळानं नागानं हाऱ्यात डोकं घातलं, मग अंग घातलं, आणि पाल्यात वेटोळं करून बसला. आम्ही ओढायला सुरुवात केली. निम्म्यावर आला असेल नसेल, त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्या हाताला एकाएकी घाम आला. “तातेराव! रस्सी मत छोड रे!” खाजा मिया ओरडले. पण घामाला हिंदी समजत नाही. हारा पुन्हा खाली गेला. नागाची काही चूक नसताना त्याला दुसऱ्यांदा आडात पडावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्या खेपेला माझ्या बाजूचा दोर पार्वतीबाईनं धरला आणि मी देखरेखीवर राहिलो.

हारा वर आला, काठावर टेकला, आम्ही सगळे लांब झालो. इथून पुढं नागानं भिंतीवरून मागच्या वाडीत जावं, अशी आमची कल्पना. पण भर उन्हात, एवढ्या उघड्या अंगणात, बिचाऱ्याला अंधाराची आणि गारव्याची एकच जागा दिसली. मांडवाच्या सावलीत खाजा मियांच्या आजोबांची, लग्नाचं रांधायची मोठी तांब्याची देग धुऊन आडवी करून वाळत ठेवली होती. आदल्याच दिवशी खाजा मियांनी स्वतः तिला अशी कल्हई केली होती की त्यात बघून माणसानं दाढी करावी. नाग सरळ गेला, आणि लग्नाच्या देगीत शिरला. त्याला कोणी शिरवलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण बाजारात उलटंसुलटं सांगणारे फार. पार्वतीबाईनं लांब बांबूनं परात ढकलत ढकलत देगीच्या तोंडाला नेऊन लावली, खाजा मियांनी मागून देग उभी केली, आणि झाकण बसलं. झाकण बांधायला काही सापडेना, तेव्हा माझ्या डोक्याचा पटका काढून घेण्यात आला. बारशासाठी काढलेला नवा पटका होता, दाजी. आता बिनपटक्याचा मामाआजोबा हट्ट्याला यायचा कसा?

देगीच्या दोन कड्यांतून बांबू घातला, एक टोक माझ्या खांद्यावर, एक खाजा मियांच्या, आणि आम्ही गावाबाहेरच्या ओढ्याकडं निघालो. तिकडं दगडाळ माळ आहे, वस्ती नाही, उंदीर भरपूर. नागाला सोडायला बराबर जागा. देग जड, ऊन डोक्यावर, आणि दर दहा पावलांना आतून फुत्कार. खाजा मिया पुढून दुवा म्हणत होते, मी मागून सगळ्या देवांची नावं घेत होतो, आणि आमच्या दोघांचं म्हणणं बहुधा एकच होतं. निम्मी वाट चाललो आणि समोर धूळ दिसली. धुळीतून बैलगाड्या निघाल्या. संध्याकाळी यायची बारात, उन्हं चढायच्या आत पोचावं म्हणून पहाटेच निघूनही उन्हातच सापडलेली, आमच्यापुढं येऊन उभी राहिली.

पहिल्या गाडीतून नवऱ्या मुलाचे मामू उतरले. त्यांचं नाव नासेर मिया. पूर्वी कुठल्याशा जहागिरीत जमादार होते. मिशा अशा की समोरच्यानं आपोआप दोन पावलं मागं व्हावं. त्यांनी पाहिलं तर मुलीचा बाप स्वतः खांद्यावर देग घेऊन गावाच्या वेशीबाहेर सामोरा आलेला. त्यांचे डोळे भरून आले. “वाह! समधी हो तो ऐसा! खुद देग उठा को लाया!” ते म्हणाले, आणि गाड्यांतली सगळी उपाशी मंडळी भराभर उतरली. खाजा मियांच्या तोंडचं पाणी पळालं. नव्या सोयऱ्यांना पहिल्याच भेटीत काय सांगायचं? लग्नाच्या देगीत साप आहे असं?

“मामूसाब, ये खाने का नहीं है,” ते कसेबसे म्हणाले.

“खाने का नहीं तो क्या पहनने का है?” मामूसाहेब हसले.

मी मदतीला धावलो. “गरम हाय, मामूसाब, हात भाजंल,” असं बोलून बसलो. तेवढ्यात आतून जोरात फुत्कार आला. मामूसाहेबांनी कान लावला, आणि खूश होऊन मागं वळून सगळ्यांना सांगितलं, “सुनो! अभी तक उबल रहा!” आणि खाजा मियांनी हात धरायच्या आत त्यांनी माझ्या पटक्याची गाठ सोडली.

झाकण सरकलं, आणि देगीतून नाग उभा राहिला. फणा काढून, अगदी सरळ, मामूसाहेबांच्या मिशांच्या उंचीला. पुढं काय झालं ते सगळं एकाच वेळी झालं, लिहिताना मात्र एकामागून एक लिहावं लागतं. बैल उधळले. वाजंत्रीवाला पिपाणी तोंडात तशीच ठेवून पळाला, त्यामुळं तो कुठवर गेला ते आम्हाला बराच वेळ ऐकू येत होतं. देग कलंडली. मामूसाहेब रस्त्याकडेच्या बाभळीवर चढले. कसे चढले हे त्यांनाही सांगता येत नाही. मी योग्य अंतर राखून सगळीकडं लक्ष ठेवून होतो, म्हणूनच एवढं बारकाईनं लिहू शकतो. रस्त्यात दोघंच उरले. एक खाजा मिया, आणि दुसरा नवरा मुलगा लतीफ. सासऱ्याला सलाम करायला तो नुकताच गाडीतून उतरला होता, आणि त्याच्या तोंडावर फुलांचा सेहरा एवढा दाट की त्याला पायाखालचंही दिसत नव्हतं. नाग देगीतून निघून सरळ त्याच्याकडंच चालला.

दाजी, इथं मात्र माझी चेष्टा बंद पडते. खाजा मियांचा आवाज मी पन्नास माणसांत ओळखतो, पण त्या वेळचा ओळखू आला नाही. अगदी हळू, लेकराला झोपवताना बोलतो तसे ते म्हणाले, “लतीफ बेटा, हिलना नहीं. जैसा खड़ा है वैसाच खड़ा रह.” पोरगं गुणी. का म्हणून विचारलं नाही, सेहरा वर केला नाही, सलामासाठी उचललेला हात तसाच कपाळाशी ठेवून उभं राहिलं. नाग आला. त्याच्या नव्या मोजडीवरून, त्याला काही न करता, असा सावकाश निघून गेला, जणू वाटेतला एखादा दगड. शेपूट दिसेनाशी झाली, ओढ्याकडच्या झुडपात पाला हलला, आणि खाजा मियांनी लतीफचा कपाळाशी ठेवलेला हात धरून खाली केला. मग लतीफनं सेहरा बाजूला केला आणि विचारलं, “खाना गिर गया क्या?”

एवढ्यावर सगळं निभावलं असतं, पण बाभळीवरून मामूसाहेबांनी हुकूम सोडला की ही थट्टा आहे, अपमान आहे, निकाह होणार नाही, गाड्या वसमतला वळवा. खाजा मियांनी टोपी काढून हातात घेतली. इतक्यात धूळ आणि गलका पाहून पार्वतीबाई आणि अख्तरीभाभी धावत आल्या. काय झालं हे समजल्यावर भाभींनी ओढणी सारखी केली, झाडाखाली उभ्या राहिल्या आणि वर न बघता म्हणाल्या, “मामूसाब, तो साप आमच्या पाण्यात होता. तिथंच ठेचला असता आन् त्याच पाण्याचं सरबत तुमाला पाजलं असतं, तर तुमाला काय कळणार होतं? तुमच्यासाठी पाणी साफ ऱ्हावं म्हणून माझ्या माणसानं जीव धोक्यात घातला. एवढं ऐकून जायचं तर जा.” वर फांदी करकरली. मामूसाहेब विचार करत असावेत. बाभळीच्या काट्यांवर बसून माणूस जरा लवकर विचार करतो. मग आवाज आला, “पहले हमको नीचे तो उतारो!” त्यांना उतरवायला आणखी दोर आणि आणखी हारा लागला, आणि या खेपेला दोर सोडायचा नाही म्हणून तो माझ्या हातात कोणी दिलाच नाही.

निकाह झाला. देगीत रांधायला आचारी तयार होईना, तेव्हा खाजा मियांनी सगळ्या बारातीसमोर ती राखेनं घासली, भट्टी पेटवून पुन्हा कल्हई केली, आणि मगच तांदूळ चढले. जेवायला रात्र झाली, पण सगळ्यांत जास्त मामूसाहेब जेवले (उभ्यानं, बसायला त्यांना तकलीफ होती). निघताना त्यांनी मला मिठी मारली आणि वसमतला त्यांच्या कोठारात काही निघालं तर निरोप धाडू म्हणाले.

तेव्हापासून, दाजी, आमच्या जिवाला चैन नाही. कोणाच्या कडब्यात काही हललं की खाजा मियांना आणि मला बोलावणं. त्यात निम्म्या वेळा साप नसतोच. परवा चावडीच्या आढ्यावर दिवसभर ज्याच्यावर पहारा ठेवला तो कोणाचा तरी जुना करगोटा निघाला. पार्वतीबाईनं मात्र गावातल्या बायांना एक शिस्त लावून दिली आहे: आडाजवळचा दगडगोट्यांचा ढीग काढा, गोवऱ्या काठीनं हलवून मगच हात घाला, अंधारात कंदील घेतल्याशिवाय आणि पायात वहाणा घातल्याशिवाय बाहेर पडू नका, लेकरांना जमिनीवर निजवू नका, आणि साप दिसला तर नवऱ्याला पुढं करा. शेवटचं कलम मला मान्य नाही. पण या उन्हाळ्यात कुरुंद्यात ना कोणाला साप चावला, ना कोणी साप मारला, एवढं खरं. आणि आडाला आता गुडघ्याएवढा कठडा बांधला आहे. दोन्ही घरांनी मिळून.

तरी बारशाला न आल्याबद्दल राग नसावा. नातवाला आशीर्वाद, आक्काला दंडवत, आणि बाजारात कोणी विचारलं तर ताठ मानेनं सांगावं की आमचा मेव्हणा सापाच्या वाटेला जात नाही. लोभ आहेच, तो वाढता ठेवावा.

आपला आज्ञेतला,
तातेराव

ता. क. — पत्र पार्वतीबाईला वाचून दाखवावं लागलं. ती म्हणते, मामूसाहेब बाभळीच्या ज्या फांदीवर होते तिच्या वरच्या फांदीवर कोण होतं तेही लिहा. तर नाग कोणत्या दिशेनं जातो हे पाहण्यासाठी थोडं उंच जाणं आवश्यक होतं. मामूसाहेब माझ्यानंतर आले.

दुसरा ता. क. — धर्मसिंगची गाडी हट्ट्याला येत आहे, तिच्याबरोबर दोन टोपल्या पाठवतो. एकीत घरची हळद. दुसरीत एक धामण आहे. दाजी, घाबरू नये. धामणीला विष नसतं. गोजरबाई आत्यांच्या कोंबड्यांची अंडी खाते म्हणून तिला कितीदा माळावर सोडलं, तरी ती परत त्याच खुराड्यात येते, आणि आत्या आता मुसळ घेऊन बसल्या आहेत. हट्ट्याहून काही तिला परतीची वाट सापडायची नाही. तुमच्या कोठारात उंदरांनी पोती फोडली असं धर्मसिंगकडून कळलं. दोघांचीही सोय होईल. टोपली कडब्याच्या गंजीपाशी आडवी ठेवावी, दोर सैल करावा आणि बाजूला व्हावं, ती आपली आपण जाईल. एवढीच विनंती होती, त्यासाठीच खरं तर लिहायला बसलो. धर्मसिंगला मात्र दोन्हीत हळदच आहे असं सांगितलं आहे.

तिसरा ता. क. — ता. क. लिहीत बसलो तोवर धर्मसिंग टोपल्या घेऊन निघूनही गेला आणि पत्र माझ्याच हातात राहिलं. आता हे टपालानं येईल. दाजी, दोन्ही टोपल्या एकसारख्याच आहेत. आक्काला हळदीची घाई नसावी, एवढीच देवाजवळ प्रार्थना.